अर्धा स्वर खाली

प्रिय नणंदबाई,

फोनवर तुला काही सांगायला जावं तर पहिल्या वाक्यालाच तू "कळलं, कळलं" म्हणतेस, आणि कळलेलं काही नसतं. म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं तुला मधेच तोडता येणार नाही. फार तर फाडशील. फाड, माझ्याकडे प्रत आहे.

मागे तू म्हणाली होतीस, "वहिनी, तू त्या इस्त्रीवाल्यावर लिहिलंस, त्या ग्रंथपालावर लिहिलंस, माझ्यावर मात्र लिहू नकोस. माझ्यात काय आहे? चार वर्षं कॉलेजात गाणं शिकले आणि मग जन्मभर शाळेत पोरांकडून घोकून घेतलं. संपलं." संपलं काय, डोंबल! संपलं असतं तर दर भेटीला तोच विषय काढून माझा चहा थंड केला नसतास.

तर आता तू पलीकडच्या खुर्चीवर बस. मी तुला 'ती' म्हणणार आहे, कारण 'तू' म्हटलं की तू भांडायला येतेस. आणि स्वतःला 'भावजय' म्हणणार आहे, कारण ह्या गोष्टीत मी मिरवावं असं काही केलेलं नाही. ते शेवटी येईल. आधी शेवटचं पान उघडू नकोस. तुझी ती खोड मला ठाऊक आहे.

तिचे वडील शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीला टेकून यंत्रं उभी, खाली तेलाचे डाग पडलेली फरशी, आणि त्या फरशीवर पाट मांडून ही गृहपाठ करत बसलेली. गिऱ्हाईक यंत्र घेऊन यायचं, वडील चाक फिरवायचे आणि ही वहीतून डोकं वर न काढता सांगायची, "बाबा, ह्याचा पट्टा सैल आहे," किंवा "ह्याचं आत कुठेतरी घासतंय." आठ वर्षांची पोर. गिऱ्हाईक म्हणायचं, "मुलगी आहे की डॉक्टर?" वडील म्हणायचे, "नुसतं निदान करते हो. औषध मलाच द्यावं लागतं."

दोन यंत्रांचा आवाज एकाच उंचीचा असला की ती म्हणायची, ह्या दोघी बहिणी. यंत्र दुरुस्त होऊन गेलं, वर्षाने परत आलं, तरी नुसत्या आवाजावरून ओळखायची. ह्या आवाजांना नावं असतात हे मात्र तिला माहीत नव्हतं. घरात वाद्य नव्हतं. गाणं म्हणजे वडील काम करताना गुणगुणायचे तेवढंच, आणि तेही एकाच ओळीवर अडलेलं.

शाळेतल्या बाईंनी ढकललं म्हणून अठराव्या वर्षी ती संगीताच्या कॉलेजात मुलाखतीला गेली. समोर सर. उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेले. त्यांनी टेबलावरच्या पाण्याच्या पेल्यावर पेन्सिल मारली.

"म्हण."

तिने म्हटलं. सर पेल्यातलं अर्धं पाणी प्यायले आणि पुन्हा पेन्सिल मारली. आवाज चढला होता. तिने तोही म्हटला, अगदी तंतोतंत.

"आणि ह्याला काय म्हणतात?"

"पेला," ती म्हणाली.

सर इतके हसले की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावला. "कान देवाने दिलाय, नावं मी देतो," सर म्हणाले, आणि तिचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. हे वाक्य तिला नंतर कितीतरी वर्षं गोड वाटत होतं.

कॉलेजात सरावाच्या आठ खोल्या. प्रत्येक खोलीच्या दारावर एक तक्ता, त्यात अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल. आपलं नाव लिहायचं आणि तेवढा वेळ खोली आपली. वरच्या मजल्यावरच्या खोल्यांसाठी मारामारी असे. सात नंबर मात्र कायम रिकामा. जिन्याखालची खोली. ओल आलेली. एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट तेवढे दिसायचे. दाराला आतून सतरंजीचा तुकडा ठोकलेला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि एक जुनाट उभा पियानो, डावीकडून तिसऱ्या पट्टीचा कोपरा उडालेला.

तिने पहिल्याच आठवड्यात सात नंबरच्या तक्त्यावर सकाळी सात ते नऊ सलग आपलं नाव लिहून टाकलं. कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला कुणी आलंच नाही. सरांचा वर्गही तिथेच भरायचा, कारण त्यांच्या वर्गाला पाचच मुलं होती आणि पाच मुलांना वरची खोली कोण देतो?

सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. पियानोच्या पट्ट्यांना आपण पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक असं म्हणतो, तसं म्हणायचं आणि तो स्वर डोक्यात पक्का बसवायचा. नुसता ओळखायचा नाही, कशाचाही आधार न घेता काढायचा. सकाळी उठल्याबरोबर, तोंडसुद्धा धुवायच्या आधी, पांढरी सहा गुणगुणायची, ती तशीच ओठांत धरून कॉलेजात यायचं आणि पियानोवर तपासायची. बाकीची चार मुलं येताना वाटेत गप्पा मारायची, स्वर सांडून यायची, आणि पियानो ऐकून घेऊन वेळ मारून न्यायची. ही मात्र घरापासून कॉलेजपर्यंत तोंड मिटून, नाकाने गुणगुणत चालत यायची. वाटेत कुणी हाक मारली तरी उत्तर द्यायची नाही. लोकांना वाटायचं, गर्विष्ठ आहे.

सहा महिन्यांत तिचा स्वर पियानोला चिकटून येऊ लागला. वर्षभरात तर कुठल्याही आवाजाचं नाव ती डोळे मिटून सांगायला लागली. सर वर्गात म्हणायचे, "नादकाटा कशाला हवा? ही आहे की! काटा, दे पांढरी सहा." तेव्हापासून ती कॉलेजभर 'काटा'.

भावजय त्या घरात आली ती ह्याच सुमाराला. नवी नवरी ओट्याशी उभी, किटलीने शिट्टी घातली, आणि बाहेरच्या खोलीतून नणंदेचा आवाज आला, "पांढरी दोन, जरा चढलेली!" भावजयीला वाटलं हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. नवरा म्हणाला, "सवय होईल. आमच्या घरात किटलीलासुद्धा परीक्षा द्यावी लागते."

दुसऱ्या वर्षी तिच्या लक्षात एक गोष्ट आली. वरच्या हॉलमध्ये सगळ्या वर्गांचं मिळून समूहगान होई. तिथला पियानो मोठा, काळाभोर, आरशासारखा. तो वाजला की तिला कसंतरी व्हायचं. पांढरी तीन म्हणावी तर पांढरी चार वाजल्यासारखं. ती सरांकडे गेली.

"सर, हॉलचा पियानो वर लागलाय."

सर पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "कार्यक्रमाचे पियानो जरा चढेच लावतात. चमक येते. तू सात नंबर सोडू नकोस."

झालं. सरांनी सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. मग घरी रेकॉर्ड लावली, तीही चढी वाटली. ती म्हणाली, आपलं यंत्र जोरात फिरतंय. वडिलांनी उघडून तेल घातलं, पट्टा बदलला, काही फरक नाही. मैत्रिणीकडे पियानो होता, तोही चढा. मैत्रिणीचे वडील चमकवायच्या नादी लागले असतील, असं हिने ठरवून टाकलं. सगळं जग वर आणि जिन्याखालची एक खोली तेवढी बरोबर! भावजय तेव्हाच म्हणाली होती, "अगं, सगळ्यांची घड्याळं पुढे आणि एकट्या तुझं बरोबर, असं कसं होईल?" तर नणंद म्हणाली, "वहिनी, तू अर्थशास्त्राची पदवी घेतलीस ना? मग तेच कर." भावजय आपल्या कामाला लागली. तिला कुठे काय कळत होतं?

शेवटच्या वर्षाला जाहिरात आली. मोठ्या शहरातला मोठा गायनवृंद, कायमची जागा, वर्षातून चार दौरे. तिला दुसरं काही नकोच होतं. शाळेत शिकवणं नको, शिकवण्या नकोत, लग्नही इतक्यात नको. चाळीस माणसांच्या रांगेत उभं राहून, चाळिसांत मिसळून गायचं. एकटीने पुढे येऊन गाण्याची तिला हौस नव्हती. तिला मधल्या रांगेतली जागा हवी होती, दोन्ही बाजूंनी आवाज येणारी. "दोन्ही कानांना काम मिळतं," असं ती म्हणायची.

अर्जात एक रकाना होता : परीक्षेत सुरुवातीचा स्वर द्यावा लागेल काय? तिने पेन थांबवलं. सरांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'नको.' वर म्हणाले, "नादकाट्याला कुणी स्वर देतं का? बघू दे त्यांना, माझ्या हाताखालून काय माल निघतो ते."

परीक्षेला भाऊ बरोबर गेला. तो बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसला. आत लांब टेबलामागे तिघे. मधल्या बाईंच्या चष्म्याला साखळी. कोपऱ्यात पियानोवाला, हात मांडीवर ठेवून स्वस्थ. तिच्या हातात एक छापील पान दिलं. कधी न पाहिलेलं. पहिला स्वर पांढरी सहा. म्हणजे घरचीच. सकाळपासून ओठांत होती.

ती गायली. आजवर इतकं स्वच्छ कधी गायली नव्हती, असं ती अजून म्हणते, आणि त्यावर भावजयीचा विश्वास आहे. चष्म्याच्या बाई पेन्सिल खाली ठेवून ऐकत होत्या. शेवटच्या ओळीला पियानो साथीला येणार होता, तपासणीसाठी. तो आला, आणि पाटावर पाट आपटावा तसा आवाज झाला. पियानो एका पट्टीवर, ती शेजारच्या खालच्या पट्टीवर. नेमका अर्धा स्वर खाली. समूहगानात ह्याहून मोठा गुन्हा नाही. ताल चुकला तर सावरता येतो, शब्द विसरले तर ओठ हलवता येतात, पण जिचा स्वर खाली जातो ती शेजारच्या दोघींनाही घेऊन बुडते.

"तुम्ही खाली उतरलात," चष्म्याच्या बाई म्हणाल्या.

आता कुणीही शहाणी मुलगी "माफ करा, पुन्हा म्हणते" म्हणाली असती. ही काय म्हणाली?

"मी नाही उतरले. तुमचा पियानो वर आहे."

पियानोवाला म्हणाला, "बाई, आज सकाळीच लावलाय."

"चमक यावी म्हणून लावला असेल."

"काय यावी म्हणून?" तिसऱ्या परीक्षकांना हसू आवरेना.

चष्म्याच्या बाईंनी खिशातून नादकाटा काढला, टेबलावर आपटला आणि तिच्या कानाशी धरला. लोखंडाचा तुकडा. त्याला चमकवता येत नाही, त्याचा पट्टा सैल होत नाही. तो जे म्हणाला ते पियानोशी जुळत होतं, तिच्याशी नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "कान फार चांगला आहे हो, पण भरवशाचा नाही. असं कधीपासून आहे?" जसं काही अंगावर पुरळ आलंय.

बाहेर भावाने डबा उघडून ठेवला होता. तिने सांगितल्यावर त्याने बराच विचार केला आणि विचारलं, "अर्धा म्हणजे अर्धाच ना? बाकी सगळं बरोबर होतं ना?" त्यावर ती परतीच्या वाटेवर त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो बिचारा अजून म्हणतो, माझं काय चुकलं?

ती सरांकडे गेली. तिला वाटलं, सर पियानो उघडतील, काहीतरी तपासतील, निदान "बस" तरी म्हणतील. सरांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा पडला, पण तो स्वतःसाठी. 'नको' त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं ना!

"काही कान जन्मतःच वाकडे असतात," सर म्हणाले. "मला आधीच ओळखायला हवं होतं. चार वर्षं फुकट गेली."

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

ती शाळेत लागली. पाचवी ते आठवी, आठवड्याला बावीस तास, आणि वार्षिक कार्यक्रमाच्या आधी चाळीस. डोक्यातलं काही बदलेना. पेटी वाजली की कान एक नाव सांगायचा आणि डोकं म्हणायचं, थांब, तू वाकडा आहेस, एक पट्टी मागे सरक. प्रत्येक स्वराला हा हिशेब. गाणं ऐकणं म्हणजे परक्या भाषेतली पाटी वाचल्यासारखं झालं, आधी अक्षरं, मग अर्थ. मुलांना स्वर द्यायला तिने एक बोटभर पिपाणी घेतली, एकच स्वर वाजणारी. स्वतःच्या गळ्याने स्वर देणं बंद. मुलं तिला 'पिपाणीबाई' म्हणायला लागली. नादकाट्याची पिपाणी झाली.

पुढे लग्न केलं, मुलगी झाली. मुलीला झोपवतानासुद्धा आधी पिपाणी फुंकायची आणि मग गायची. नवरा म्हणायचा, "अगं, पोरीला झोपायचंय, परीक्षेला नाही बसायचं." तो हसायचा, ती हसायची नाही.

आणि कॉलेजचा विषय निघाला की काय आदळआपट! "चार वर्षं, वहिनी. सकाळी सात. त्या ओलीत बसून मला खोकला लागला. कुणासाठी? वाकड्या कानासाठी!" भावजय म्हणायची, "अगं, आता सोड." ती म्हणायची, "धरलंय कुणी? तेच मला सोडत नाही." हा संवाद चौतीस वर्षं, शब्दाचाही फरक न होता. भावजयीला तो पाठ होता आणि खरं सांगायचं तर कंटाळाही आला होता.

मग पाच वर्षांपूर्वी, तिच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना, कॉलेजने खालचा मजला मोकळा करायला काढला. जुनं सामान शाळांना वाटलं. मुख्याध्यापिकांनी, फुकट मिळतंय म्हटल्यावर, काय आहे ते न विचारता "पाठवा" म्हणून कळवलं. चार माणसांनी घाम गाळत एक उभा पियानो जिन्यावरून चढवला आणि संगीताच्या वर्गात आणून ठेवला. ती वैतागलेली. वर्गात आधीच बाकांना जागा नाही. मुलांना बाहेर काढून तिने धूळ झटकायला फडकं घेतलं आणि झाकण उघडलं.

डावीकडून तिसऱ्या पट्टीचा कोपरा उडालेला होता.

ती फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग एका बोटाने तिने पांढरी सहा दाबली.

कानाने नाव सांगितलं, आणि हिशेब करावाच लागला नाही. पट्टीवर बोट, बोटाखाली स्वर, स्वराला त्याचंच नाव. तिने शेजारची दाबली, तिच्या शेजारची. सगळ्या आपापल्या जागी. तिने दार लावून घेतलं. स्टूल ओढलं. आणि पिपाणी न फुंकता, कसला आधार न घेता, ते परीक्षेचं पान ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. पाठ होतं. शेवटच्या ओळीला स्वतःच पियानोवर साथ धरली, आणि दोन्ही आवाज एकमेकांत असे बसले की शिवण कुठे आहे ते दिसू नये.

तिला रडू आलं असेल, असं कुणालाही वाटेल. नाही. तिला शंका आली. शिवणयंत्रवाल्याची मुलगी ती. तिने पर्समधून पिपाणी काढली, फुंकली, आणि पियानो दाबला. अर्धा स्वर.

दुसऱ्या दिवशी पियानो लावणारा म्हातारा आला. त्याने एक तार छेडली आणि खालची फळी काढली.

"बाई, हा अर्धा स्वर खाली ठेवलेला आहे."

"खाली 'ठेवलेला'? उतरलेला म्हणा."

"उतरलेला असता तर वेडावाकडा उतरला असता. एक तार इकडे, एक तिकडे. हा एकसारखा खाली आहे. मुद्दाम केलंय कुणीतरी, आणि पुढेही दर वेळी तसाच लावत आलेत. तारा जुन्या झाल्या, ताण सोसेना, की आम्ही सगळाच पियानो अर्ध्या स्वराने सैल सोडतो. तारा तुटत नाहीत आणि वाद्य आणखी वीस वर्षं निघतं. फक्त तसं लिहून चिकटवायचं असतं आत." तो वाकला. "हे काय, लिहिलंय की!"

फळीच्या आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी. टोकदार पेन्सिलीने : 'तारा जुन्या असल्याने पूर्ण वाद्य अर्धा स्वर खाली लावले आहे. स्वरज्ञानाच्या वर्गासाठी वापरू नये.' खाली तारीख, ती कॉलेजात जाण्याच्या एक वर्ष आधीची. आणि त्याखाली शाईने, तिला झोपेतही ओळखू येईल अशा अक्षरात, एकच शब्द : 'पाहिले.' आणि सरांची सही.

तिने शाळेच्या ऑफिसातून भावजयीला फोन केला.

"वहिनी, तो वाकडा नव्हता."

"कोण?"

"कान."

संध्याकाळी ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून भावजयीकडे आली. बसली नाही. खोलीत येरझाऱ्या घालत होती.

"त्याला माहीत होतं! सही आहे, वहिनी, सही! मी चार वर्षं रोज सकाळी उठून, तोंड न धुता, चुकीचा स्वर डोक्यात ठोकून बसवला. दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नाही, कारण दुसऱ्या कुणी सांगितलेलं केलंच नाही! मी केलं, म्हणून माझं वाटोळं झालं. आणि वर मला म्हणतो, जन्मतः वाकडा!"

"विसरला असेल. सही करून माणसं विसरतात."

"तेच विचारायचंय. विसरला होता, की 'वाकडा' म्हणताना आठवत होतं? एवढंच. हो की नाही. तू जा. तुझ्याच गल्लीच्या मागे राहतो तो."

"मी? तू जा की."

"मी गेले तर ओरडेन. पंच्याऐंशीच्या आसपासचा म्हातारा तो, मरायचा माझ्या दारात."

"त्याच्या दारात."

"तेच ते! वहिनी, तू नीट बोलतेस. तू ही चिठ्ठी त्याच्यापुढे ठेव आणि विचार. मला काय म्हणाला ते येऊन सांग."

"बरं," भावजय म्हणाली, "ह्या आठवड्यात जाते."

आता इकडे ये, खुर्ची जवळ घे. आता 'तू' आणि 'मी'.

त्या आठवड्यात मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात गुडघा धरला. मग तुझ्या भावाचा मोतीबिंदू. तू विचारत होतीस, मी कारणं देत होते, आणि ती खरी होती. मग तू विचारणं सोडलंस. तुला वाटलं मी विसरले. मी काही विसरत नाही.

मी तुला जे सांगितलं नाही ते हे. तुझ्या भावाला घेऊन मी डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते, साडेतीन वर्षांपूर्वी, तर दोन खुर्च्या सोडून सर. त्यांची मुलगी बरोबर होती. अजून ताठ, अजून सगळी बटणं लावलेली. आत नंबर लागला की घंटी वाजायची, आणि प्रत्येक घंटीला ते मान हलवून त्या स्वराचं नाव सांगायचे. मुलगी "हो, बाबा" म्हणायची. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी उठून शेजारी बसले.

म्हटलं, "तुम्ही संगीताच्या कॉलेजात शिकवायचात ना?"

काय खुलले! माझा हातच धरला. म्हणाले, "हो, हो! अहो, माझी एक विद्यार्थिनी होती. काय कान! नादकाटाच. मी घडवली तिला, जिन्याखालच्या खोलीत बसून. त्या मोठ्या गायनवृंदात लागली. आता निवृत्त झाली असेल नाही का?" मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "रोज सांगतात."

मला इतका राग आला, नणंदबाई, की पर्सची चेन एका झटक्यात ओढली. पाकीट अर्धं बाहेर काढलं होतं. विचारायचं काय, हेच कळेना. 'विसरला होतात का?' असं? तो तर तुझं नापास होणंसुद्धा विसरला होता. ज्याला काही आठवतच नाही त्याच्याकडून हो की नाही कसं वदवून घ्यायचं? आणि तो तुला ज्या रांगेत उभी करून बसलाय, मधल्या, दोन्ही बाजूंनी आवाज येणाऱ्या, तिथून तुला मी ओढून काढायची? त्याच्यासाठी नव्हे हो. त्याची मला काडीची दया आली नाही. मला वाटलं, निदान कुठेतरी तू लागलीस.

हे मी नंतर रचलेलं असेल. खरं काय झालं ते सांगते : घंटी वाजली, आमचा नंबर आला, डॉक्टर थांबत नाही, आणि मी पाकीट आत ढकलून उठले.

तू चिडशील. चीड, तुझा हक्क आहे. म्हणशील, चिठ्ठी परत दे, मीच जाते. तर ये आणि घेऊन जा. पर्स मध्यंतरी दोनदा बदलली, दोन्ही वेळा ती नव्या पर्सच्या मधल्या कप्प्यात ठेवली. सर अजून आहेत. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दवाखान्यात येतात, आम्हीही त्याच दिवशी असतो. गेल्या मंगळवारी शेजारचीच खुर्ची मिळाली होती. त्यांनी घंटीचं नाव सांगितलं, मी "हो" म्हटलं, आणि आमचा नंबर येईपर्यंत पर्स मांडीवर धरून बसले.

तुझी,
वहिनी